एका ठोक्याला चार बैल

मुरुम
१२ मे २०२५

चि. वर्षाराणीस आशीर्वाद.

फोनवर तू ‘बघते आत्या’ म्हणतेस. गेल्या चार दिवसांत सात वेळा म्हणालीस आणि बघितलं काहीच नाहीस, म्हणून हे पत्र लिहावं लागतं आहे. उत्तर कागदावर पाहिजे. मोबाइलवर अंगठ्याचं चित्र पाठवलंस तर ते मी उत्तर धरणार नाही.

पुढचं तुला माहीत आहे, तरी लिहिते, कारण तू विसरल्यासारखी वागतेस. फेब्रुवारीत तू माझ्या मागच्या खोलीत टेबल लावलंस. त्यावर पुठ्ठ्याची वेस उभी केलीस, तारेच्या सांगाड्यावर माती थापून तीन बैल केलेस आणि ज्येष्ठी पौर्णिमेला, कारहुणवीला, बैल वेशीकडे पळतात त्याचा तीन मिनिटांचा पिक्चर हलगी-सनईच्या तालावर काढायला घेतलास. बैल केसभर हलवायचा, फोटो काढायचा, पुन्हा केसभर हलवायचा. सेकंदाला बारा फोटो, एकूण दोन हजार एकशे साठ. सहाशे काढून तू एप्रिलमध्ये पुण्याला गेलीस. अॅनिमेशन शिकवणाऱ्या संस्थेत हजेरी लागते म्हणालीस. टेबल जागचं हललं की आधीचं सगळं वाया जातं, त्यामुळे टेबल माझ्या गळ्यात पडलं.

मी तक्रार केलेली नाही. सात एप्रिलपासून रोज सकाळी खिडक्या बंद करून दोन दिव्यांच्या उजेडात मी पंधरा फोटो काढते. काम झालं की बैलांवर ओलं फडकं टाकते, नाहीतर माती तडकते. कोणत्या फोटोला कोणाचा पाय टेकायचा ते तुझ्या तक्त्यात असतं. तेवढं वाचून मी काम करते.

तुझा तक्ता चुकला आहे. १,०८० व्या फोटोपर्यंत हलगी आणि सनई बरोबर चालतात. तिथे सनई थांबते, हलगी एकटी राहते. तक्त्यात त्यापुढेही दर नऊ फोटोंना ठोका आहे. मी कानाला यंत्र लावून ऐकलं. ठोका आधी पडतो, पाय नंतर टेकतो. सोळा फोटो तसेच काढून चालवून पाहिले. बैल लंगडा दिसतो. काम १,०९६ वर थांबवलं आहे.

पंधरा जुलैची तारीख तू मला दिलीस आणि मी ती तुझ्या वडिलांना दिली. बसवराज लोहाऱ्याहून मुद्दाम आला होता. ‘अक्का, त्या दिवशी पिक्चर संस्थेत दाखल झाला तर पोरगी पुण्यात राहील. न्हाय झाला तर खत-बियाण्याच्या दुकानात बसंल. तुमच्या शब्दावर सोडलंय.’ शब्द माझा आहे, वर्षा. तो मी तुझ्या ‘बघते आत्या’वर टांगून ठेवणार नाही.

शेजारची उमाबाई रोज दारातून विचारते, “राजक्का, आज बैल कुठवर गेला?” आज मी म्हटलं, थांबलाय. तर म्हणाली, “बसला व्हय? उन्हाचा बसतोय बैल. बसू दे घटकाभर.”

दुरुस्त तक्ता आठ दिवसांत पाठव.

राजेश्वरी


पुणे
१९ मे

ती. आत्या, शरणार्थ.

पत्र मिळालं. कागदावर उत्तर लिहायला बसले तर पेनच सापडेना, यावरून काय ते ओळखा.

चूक माझी आहे, पण पूर्ण माझी नाही. तक्ता मी कॉम्प्युटरवर केला. पहिल्या मिनिटाचा ताल मोजला आणि तोच पुढे चालू ठेवला. वाजवणाऱ्याने लय सांभाळली असती तर तो बरोबरच आला असता. हलगीवाल्या बब्रुवानकाकांनी दीड मिनिटानंतर लय सोडली आहे. ठोका आधी नऊ फोटोंना, मग आठ, मग सात, शेवटी तर चार. असं कुणी वाजवतं का? पण त्यांना दोष देत नाही, वय झालं त्यांचं.

मी असं करते. रेकॉर्डिंगच कॉम्प्युटरवर सरळ करते, सगळे ठोके एका मापाचे. एका तासाचं काम आहे. मग माझा तक्ता जसाच्या तसा चालेल आणि तुम्हाला त्रास होणार नाही. या आठवड्यात जरा गडबड आहे, पुढच्या आठवड्यात नक्की पाठवते.

बैलांवर फडकं टाकता ना? मोठ्याचं डावं शिंग नाजूक आहे. उमाकाकूंना सांगा, बैल बसलेला नाही, मालकीण बसली आहे.

तुमची
वर्षा


मुरुम
२७ मे

चि. वर्षाराणीस आशीर्वाद.

रेकॉर्डिंगला हात लावू नकोस.

कुणी लय सोडली असं लिहिण्याआधी त्याला विचारावं, एवढी साधी गोष्ट तुम्हाला संस्थेत शिकवत नाहीत का? मी बब्रुवान यांच्या घरी गेले. अंगणात उन्हात हलगीचं चामडं तापवत बसले होते. मी तुझं म्हणणं सांगितलं.

“लय सोडली?” ते म्हणाले. “बाई, बैल सुटल्यावर लय धरून कोण बसतंय? म्या खुराकडं बघून वाजवतो. त्यो पळाला की हात पळतो.”

मी म्हटलं, रेकॉर्डिंगच्या दिवशी बैल कुठे होता? तुम्ही माझ्या ओट्यावर बसून वाजवलंत.

“बैल नव्हता म्हणता? डोळं झाकलं हुतं की म्या.” मग म्हणाले, “तुमच्या पोरीला सांगा, हात सुधरू नगा. बैल सुधरा.”

त्यांना घेऊन घरी आले आणि टेबल दाखवलं. त्यांनी वाकून तिन्ही बैल पाहिले, चष्मा काढून पुन्हा पाहिले. “ह्यो येशीत कधी पोचतो?” जुलैत, मी म्हटलं. “म्हंजे येशीला बांधलेली पानांची कर तोडायला ह्यो दोन महिन्यांनी उडी मारणार. आन म्या तवर जित्ता ऱ्हायचं.” आणि हसायला लागले. खोकला येईपर्यंत हसले.

मी एक्क्याऐंशी साली गणित घेऊन बी.एस्सी. झाले, पुढे तेहतीस वर्षं शाळेत तेच शिकवलं. मला ठोके मोजता येतात. चार दिवस बसून १,०८१ ते २,१६० चा तक्ता मी हाताने केला आहे. नक्कल सोबत आहे. प्रत्येक ठोका कोणत्या फोटोवर पडतो ते लिहिलं आहे. लंगडे सोळा फोटो काढून टाकले, परवापासून नव्याने काम सुरू केलं. आता दिवसाला बावीस होतात.

आणखी एक. तुझं पत्र ज्या कागदावर आहे त्याच्या पाठीमागे छापलं आहे, ‘वर-वधू हत्तीवरून, वर फुलांचा पाऊस, ४५ सेकंद, शनिवारपर्यंत’. हे काय आहे?

राजेश्वरी


पुणे
८ जून

ती. आत्या, शरणार्थ.

तक्ता पाहिला. काय लिहू? मी तीनदा ताडून पाहिला, एका ठिकाणीही चूक नाही. आमच्याकडे असं कुणी हाताने करत नाही. बब्रुवानकाकांचं वाक्य मी भिंतीवर चिकटवलं आहे.

तो कागद मैत्रिणीचा. ती लग्नाच्या निमंत्रणाचे व्हिडिओ करते. खोलीत रद्दी पडली होती, घाईत तोच ओढला.

कारहुणवीला येणार होते, पण जमत नाही. सबमिशन आहे. तुम्ही वेशीपर्यंत जाऊन या आणि खरा बैल कर तोडताना मागचे पाय कसे घेतो ते बघून ठेवा. शेवटच्या उडीला उपयोगी पडेल. उडी तर सगळ्यात अवघड आहे. तिचं काय करायचं ते मला अजून सुचलेलं नाही. सुचेल.

पप्पांचा फोन आला तर सांगा, सगळं वेळेत चाललं आहे.

वर्षा


मुरुम
२६ जून

वर्षा,

आशीर्वाद वगैरे पुढच्या पत्रात. बैल गेले.

काल मातीच्या बैलांची अमावस्या होती, मण्णेत्तिन अमावस्या. तुला पुण्यात राहून तिची आठवण राहिली नाही आणि मला इथे राहून राहिली नाही. मी दात दाखवायला उमरग्याला गेले होते. किल्ली नेहमीप्रमाणे उमाबाईकडे होती. संध्याकाळी सातच्या एसटीने परत आले, टेबलावर वेस होती, बैल नव्हते. टेबलावर हळदीकुंकू सांडलेलं आणि एका वाटीत हुग्गी, गव्हाची खीर.

उमाबाईला हाक मारली. ती पदराला हात पुसत आली, चेहरा अगदी प्रसन्न.

“अगं, तुझ्या घरात तीन बैल उपाशी बसले व्हते. ताप आलेल्या लेकरावानी फडक्याखाली. म्या पुजलं त्येंला, निवद दावला.”

मी विचारलं, आता कुठे आहेत?

“आडात सोडलं की सांजच्याला. पुजलेला मातीचा बैल घरात ठिवतेत व्हय? माझी सासू ठिवू देत न्हवती, तुझी आई ठिवू देत न्हवती.”

मी तिला काय काय बोलले ते लिहीत नाही. सगळी गल्ली दारात आली होती. तिने एकदाच विचारलं, “त्येंच्यात एवढं काय व्हतं गं?” त्यांच्यात १,७४२ फोटो होते, हे मी तिला कसं सांगू?

आज सकाळी गळ टाकून आड ढवळला. तारेचे तीन सांगाडे निघाले, एक पार मोडलेला. माती कुठली हाती लागते? विरघळली. ४१८ फोटो राहिले आहेत आणि वीस दिवस. तुझ्याशिवाय तसे बैल कुणाला येत नाहीत. मिळेल त्या गाडीने ये. संस्थेला फोन कर, अर्ज कर, काय करायचं ते कर, पण ये.

राजेश्वरी


पुणे
४ जुलै

ती. आत्या, शरणार्थ.

तुमचं पत्र तीन दिवस बॅगेत घेऊन फिरते आहे. फोन उचलला नाही, कारण हे फोनवर सांगता आलं नसतं.

पत्र वाचल्यावर मला सगळ्यात आधी हलकं वाटलं. खोटं लिहीत नाही. बैल गेले, आता कुणाला काही दाखवायला नको, असं वाटलं. मग तुमचा आड ढवळतानाचा चेहरा डोळ्यांपुढे आला आणि मी ऑफिसच्या जिन्यात जाऊन बसले.

हो, ऑफिसच्या. संस्थेने माझं नाव मार्चमध्येच काढलं आहे. दोन वेळा काम अपुरं दिलं, तिसरी संधी त्यांनी दिली नाही. एप्रिलमध्ये मी हजेरीसाठी आले नव्हते, नोकरीसाठी आले होते. लग्नाचे व्हिडिओ मीच करते. तो हत्ती माझाच. रोज एक हत्ती, एक मंडप, फुलांचा पाऊस. पंधरा जुलै ही तारीख कुणी दिलेली नाही. तुम्ही विचारलंत ‘तारीख काय’, तुम्हाला तारीख लागतेच, म्हणून मी एक सांगून टाकली. ती तुम्ही पप्पांना सांगाल हे माझ्या लक्षात आलं नाही.

मला वाटलं होतं, तुम्ही आठवडाभरात कंटाळाल. टेबल आवरून ठेवाल. मग मला काही सांगावंच लागणार नाही. तुम्ही कंटाळला नाहीत. दर पंधरवड्याला तुमचा आकडा येत राहिला आणि दर वेळी सांगणं आणखी अवघड होत गेलं.

उमाकाकूंना रागावू नका. सोडून द्या आता. पप्पांना मीच सांगेन, थोडा वेळ द्या. तक्ता मात्र फाडू नका, मला हवा आहे.

वर्षा


मुरुम
१० जुलै

वर्षा,

तुझं पत्र मी उभ्याने वाचलं. मग बसून वाचलं. तुला काय म्हणावं ते मला अजून ठरवता येत नाही, त्यामुळे फक्त झालेल्या गोष्टी लिहिते.

तीन महिने मी रोज सकाळी अडीच तास अंधाऱ्या खोलीत उभी राहिले. या काळात बसवराजचे पाच फोन आले आणि पाचही वेळा मी त्याला सांगितलं, तुझी पोरगी मेहनत करते आहे. त्याने विश्वास ठेवला, कारण मी आयुष्यात त्याला खोटं सांगितलेलं नाही. आता पाच वेळा सांगितलं. ते तू माझ्या तोंडून वदवून घेतलंस. याला माफी मागून काही होत नाही, म्हणून मागू नकोस.

तू लिहिलंस तसं मीही एक लिहिते. मागच्या पत्रात मी उमाबाईवर जे घातलं ते अर्धंच खरं होतं. अमावस्येच्या सकाळी मी घरात होते. ती कुंकवाची वाटी घेऊन दारात आली आणि म्हणाली, “राजक्का, बैल पुजू का?” माझी एसटी चुकत होती, दाढ ठणकत होती. मी म्हटलं, ‘तुला काय करायचं ते कर, मला बोलत ठेवू नको.’ तिला जे करायचं होतं ते तिने केलं. परवानगी मी दिली होती आणि गल्लीदेखत बोलणी तिने खाल्ली. परवा तिच्या घरी जाऊन हे तिला सांगितलं. ती म्हणाली, “मला म्हाईत हाय की. म्या काय बहिरी हाय?” मग तू तेव्हा बोलली का नाहीस, विचारलं. “तू बोलू दिलंस व्हय?”

आता कामाचं. सोडून द्यायचं की नाही हे तू एकटीने ठरवायचं नाही. फोटो ६०० तुझे आहेत, १,१४२ माझे.

उमाबाई दर वर्षी गल्लीतल्या सगळ्या घरांना मातीचे बैल करून देते, हे मला चाळीस वर्षं माहीत आहे आणि चाळीस वर्षांत मी तिचा एक बैल नीट पाहिलेला नव्हता. आता तिलाच बैल करायला बसवलं, तर तिने सांगाड्याकडे पाहून नाक मुरडलं. “तार कशाला पोटात? बैल हाय का छत्री?” तिचे बैल तारेशिवाय उभे राहतात. पण पाय हलत नाहीत. एक पाय वाकवायला गेलं की तुटतो. दोन दिवस मी त्यातच अडकून पडले.

मग तक्ता पुढे घेतला. शेवटच्या भागात बब्रुवान यांचा ठोका दर चार फोटोंना आहे. एका ठोक्यात बैल एक टाप पुरी करतो. म्हणजे पाय हलवायची गरजच नाही. चार बैल पाहिजेत. एक पाय टेकलेला, एक उचलताना, एक हवेत, एक टेकताना. पहिला ठेवायचा, फोटो. तो उचलायचा, त्याच जागी जरा पुढे दुसरा ठेवायचा, फोटो. चार झाले की पुन्हा पहिला. वेशीपर्यंतच्या ३७० फोटोंना तेच चार बैल पुरतात. उमाबाईला हे सांगायला एक दुपार गेली. समजल्यावर ती म्हणाली, “म्हंजे एकच बैल, पर चार येळा जलमलेला.” आणि लगेच माती चाळायला बसली.

बाकीचे दोन बैल पुठ्ठ्याच्या माणसांच्या गर्दीमागे गेले असं दाखवते, तुझा पिक्चर धुळीचा आहे म्हणून बरं. पहिले साठ फोटो पेनड्राइव्हवर घालून सोबत पाठवते.

राजेश्वरी


पुणे
२६ जुलै

आत्या,

पेनड्राइव्ह पाहिला. रागावणार असाल तर रागवा, पण हे चालणार नाही.

१,७४२ ला बैल सडपातळ आहे आणि १,७४३ ला त्याचं वशिंड दुप्पट. मान जाड. चार बैल हाताने केलेले, म्हणून एकासारखा एक नाही. पळताना शिंगं थरथरतात. कुणीही पाहील तर म्हणेल, मधेच दुसऱ्याचा पिक्चर जोडला. मी दोन वर्षं त्या बैलाची चित्रं काढत होते, त्याची मान मला अंधारात काढता येते. हा तो नाही. तुम्ही आणि उमाकाकू मिळून माझं काम बिघडवताय आणि मला बोलायलाही तोंड नाही, कारण चूक माझी आहे. असं करून तुम्ही मला कोपऱ्यात उभं केलंय.

कृपा करून थांबा. मी दिवाळीत येईन, बैल पुन्हा करीन, पहिल्यापासून काढू.

पप्पांना नागपंचमीला सांगते.

वर्षा


मुरुम
१ ऑगस्ट

वर्षा,

नागपंचमी होऊन तीन दिवस झाले. बसवराजचा काल फोन आला होता. पंधरा जुलैचं काय झालं, त्याने विचारलं. मी म्हटलं, वर्षाला विचार. मी त्याला इतकं लहान उत्तर कधी देत नाही.

वशिंड मोठं आहे, शिंगं थरथरतात, दोन्ही खरं आहे. मलाही दिसतं. मी काही आंधळी होऊन फोटो काढत नाही. दोष आहे, तर मग ये आणि दोष काढ. दिवाळीत पहिल्यापासून काढू, म्हणजे हे तुझं तिसरं अपुरं काम. तुझी पहिली दोन अपुरी कामं मी पाहिलेली नाहीत, पण ती कशी अपुरी राहिली हे मला आता कळतं. मान नीट आली नाही म्हणून, हो ना?

‘माझं काम’ असं तू पत्रात लिहिलंस. चार जुलैला तू ते सोडून दिलं होतंस. दोन्हींपैकी एक काय ते ठरव आणि कळव. पंधरा दिवस तुझ्या उत्तरासाठी थांबले होते, आता तोवर रोजचे बावीस काढते आहे. आज १,९४० झाले.

बसवराजला तू सांगायचं. मी सांगणार नाही आणि यापुढे झाकणारही नाही.

राजेश्वरी


पुणे
९ ऑगस्ट

आत्या,

पप्पांना काल सांगितलं. सगळं. मार्च, नोकरी, तारीख, बैल, तुम्ही. एकवीस मिनिटं मी एकटीच बोलत होते. शेवटी ते फक्त ‘बरं’ म्हणाले आणि फोन ठेवला. आज दिवसभर लागत नाही. दुकानातला माणूस म्हणतो, मालक बाहेर गेलेत. ‘बरं’ म्हणजे काय? तुम्ही त्यांना लहानपणापासून ओळखता.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर. काम माझं आहे. मान जाड असली तरी.

उडीचं अजून सुचलेलं नाही.

वर्षा


मुरुम
१४ ऑगस्ट

चि. वर्षाराणीस आशीर्वाद.

तुझं पत्र आणि बसवराज एकाच सकाळी आले. तो लोहाऱ्याहून जीपने आला होता, मालाच्या पोत्यांत बसून, शर्टावर युरियाचे पांढरे डाग. पाणी प्यायला आणि म्हणाला, “अक्का, दावा.”

त्याला मागच्या खोलीत नेलं. तो टेबलापाशी उभा राहिला. “ह्ये पळतेत कुठं? हितंच तर हायत.” मी त्याला खुर्ची दिली आणि लॅपटॉपवर पिक्चर लावला. उमाबाई दारात उभी होती. तिने बब्रुवान यांनाही बोलावून आणलं होतं, मला न विचारता.

मी तुझ्या वडिलांच्या तोंडाकडे पाहत नव्हते, पायाकडे पाहत होते. सनई थांबली आणि हलगी एकटी राहिली तिथे त्याच्या चपलेचा अंगठा हलायला लागला. १,७४३ ला बैल जाड झाला तेव्हा तो पुढे वाकला. मला वाटलं, आता बोलेल. तो म्हणाला, “आता कसा भरल्यावानी दिसतोय.” उमाबाईने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ते मी लिहीत नाही. बब्रुवान डोळे झाकून ऐकत होते.

बैल वेशीपाशी आला, आणि पडदा काळा झाला. हलगी चार सेकंद तशीच वाजत राहिली.

“उडी कुठंय?” बसवराज म्हणाला.

मी म्हटलं, तुझ्या पोरीकडे.

“म्हंजे?”

म्हणजे ४८ फोटो मी काढलेले नाहीत. वेळ होता, काढता आले असते. उमाबाई रोज विचारते, आज उडी का? उडीला चार बैल पुरत नाहीत. प्रत्येक फोटोला वेगळा बैल लागतो, अठ्ठेचाळीस बैल, आणि प्रत्येकाचे पाय कुठे हे कुणीतरी सांगावं लागतं. कारहुणवीला मी वेशीपर्यंत गेले होते, तू सांगितलंस म्हणून. बैलाने मागचे पाय कसे घेतले ते मला दिसलंच नाही, धूळ होती. मला ते येत नाही आणि मी ते करणार नाही. आजवर मी तुझं बरंच केलं. त्यातलं काही करायला नको होतं, असं आता वाटतं.

बसवराजने पिक्चर पुन्हा लावायला सांगितला. दुसऱ्यांदा पाहून झाल्यावर विचारलं, “दुकानात बसून हे व्हतं का?” मी म्हटलं, नाही. तो म्हणाला, “मग बसून काय उपेग?” ‘बरं’ म्हणजे काय ते मला अजून सांगता येत नाही. तो रागावलेला आहे. जेवला नाही, चहाही अर्धा ठेवला. आज रात्रीच्या गाडीने पुण्याला येतो आहे, हे पत्र त्याच्याच हाती देते. पहिल्यांदा त्याला बोलू दे.

त्याच्या हाती जे दिलं त्याची नोंद खाली आहे. एक प्रत तुला, एक मला.

श्री. बसवराज यांच्या हाती दि. १४ ऑगस्ट २०२५ रोजी दुपारी दोन वाजता दिलं: हार्ड डिस्क एक, तीत फोटो २,११२, त्यांपैकी वर्षाराणीचे ६००, बाकीचे माझे. ठोक्यांचा तक्ता, माझ्या हस्ताक्षरात, पानं एकोणीस, मूळ प्रत. बब्रुवान यांच्या हलगीचं रेकॉर्डिंग, हात न लावलेलं. आडातून निघालेले तारेचे सांगाडे दोन, तिसरा मोडका, तोही दिला. वर्षाराणीची माझ्याकडची पत्रं दिलेली नाहीत, ती माझी आहेत. टेबल, वेस, दिवे आणि चार बैल जागेवर आहेत, हललेले नाहीत. उमाबाईने चाळून मळलेली माती, अंदाजे अठ्ठेचाळीस बैलांपुरती, ओल्या गोणपाटात गुंडाळून खोलीत ठेवली आहे. ती आठ दिवस टिकते असं ती म्हणते.

देणार: राजेश्वरी.
मिळालं. बसवराज. माती बघितली.